अकरा तास बसलेला कप

कडीबाईच्या घराच्या दाराला तीन कड्या होत्या, दोन कुलपं होती, बाहेर बघायला भिंगाचं भोक होतं, आणि एवढं सगळं ओलांडून जो आत येई त्याला ती वर विचारायची, "कोण?" तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तरी मास्तरांनी बाथरूमच्या दारावर टकटक केली की आतून आवाज येई, "कोण?"

"अगं, घरात आपण दोघंच आहोत."

"ते माहीत आहे मला. त्या दोघांपैकी तुम्ही कोण, ते सांगा."

तिच्या बिस्किटांच्या डब्याला आकड्यांचं कुलूप आहे असं शेजारी सांगत फिरायचे. ती निव्वळ अफवा. आकड्यांचं कुलूप साखरेच्या डब्याला होतं. बिस्किटांच्या डब्याला किल्लीचं होतं.

तिचं हे वेड पोटापाण्याचंही होतं. एका कंपनीत ती ऑपरेटिंग सिस्टीम घडवायची. कॉम्प्युटर म्हणजे एक भली मोठी इमारत धरली, तर ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या इमारतीचा कारभारी. दिवा कुणाला, पाणी कुणाला, कुठल्या खोलीची किल्ली कुणाच्या हातात, सगळं तोच बघणार. आणि कडीबाई त्या कारभाऱ्याला संशय घ्यायला शिकवायची. कुणी आत आलं की नाव विचार. नाव सांगितलं की पासवर्ड विचार. पासवर्ड दिला तरी मान वर करून एकदा बघून घे. कारभाऱ्याची एक वहीही होती. ऑफिसातले तिला लॉग म्हणत, कडीबाई वही म्हणायची. कोण किती वाजता आलं, कशाला हात लावला, कधी उठलं, सगळं त्या वहीत आपोआप उतरायचं, आणि एकदा उतरलं की खुद्द कडीबाईलाही ते खोडता यायचं नाही. "बारा वर्षांत माझी वही एकदासुद्धा खोटं बोललेली नाही," असं ती म्हणायची, आणि म्हणताना पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलीच्या आईसारखी दिसायची.

तिची सगळ्यांत लाडकी करामत म्हणजे डोळा. कंपनीची सिस्टीम बऱ्याच हॉस्पिटलांत चालायची. तिथे लोक मशीन उघडं टाकून निघून जातात, आणि येणाराजाणारा कुणाचीही दुखणी वाचतो, ही जुनी तक्रार. त्यावर कडीबाईनं चार वर्षं डोकं चालवून स्क्रीनखाली शर्टाच्या गुंडीएवढा डोळा बसवला. समोर कुणी आहे की नाही, एवढंच त्याला कळायचं. वीस सेकंद समोर कुणी दिसलं नाही की तो कारभाऱ्याला डोळा मारी, आणि कारभारी मशीनला कुलूप ठोकून मोकळा. अर्धवट लिहिलेलं असेल ते फेकून देई. परत आत शिरायचं तर अठरा अक्षरांचा पासवर्ड, त्यात तीन चिन्हं, आणि तो दर महिन्याला नवा.

ही करामत बघून इतर कंपन्यांच्या इंजिनिअरांनी तोंडात बोटं घातली होती. काहींची म्हणे अजून निघालेली नाहीत.

*

एका रविवारी सकाळी दार वाजलं.

"कोण?"

"तुझी नणंद. उघड, नाहीतर दाराला इंजेक्शन देईन."

कड्या निघाल्या. मास्तरांची थोरली बहीण सत्तावीस वर्षं नर्स होती. हात इतका हलका, की सुई टोचलेली पेशंटला दुसऱ्या दिवशी कळायची आणि तेव्हा तो 'आई गं' म्हणायचा. कडीबाई तिला वन्सं म्हणायची. एरवी वन्सं आल्या की आधी घरभर हसू यायचं आणि मग त्या. आज नुसत्याच आल्या. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"वाच."

कडीबाईनं वाचलं. वन्संच्या वॉर्डात एक जुने नामवंत नट दाखल होते. पित्ताशयात खडे झाले होते. तपासणीच्या रिपोर्टात खड्यांची मोजदाद होती: चौदा. डॉक्टरांनी कुणालाच आकडा सांगितला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक बातमी: 'ज्येष्ठ नटाच्या पोटात चौदा खडे'. नटांच्या पुतण्यानं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. चौकशी झाली, वही उघडली गेली. तो रिपोर्ट दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वॉर्डातल्या मशीनवर, वन्संच्या नावानं, उघडलेला होता. म्हणून वन्संवर दोन आरोप. एक, पेशंटची गुप्त माहिती फोडली. दोन, त्या दिवशी सकाळी सव्वासातपासून संध्याकाळी सव्वासहापर्यंत त्या मशीनसमोरच्या खुर्चीतून उठल्याच नाहीत, म्हणजे पेशंटकडे दुर्लक्ष केलं.

"वन्सं," कडीबाई हळूच म्हणाली, "तुम्ही नाही ना उघडलात तो?"

"नाही."

"पण वहीत..."

"तुझ्या वहीत मी अकरा तास बसून आहे?"

"हो."

"मध्ये एकदाही उठले नाही?"

"वहीत तसं नाही."

"अगं वहिनी, अकरा तासांत मी बाथरूमला तरी गेले असेन की नाही? ते तुझ्या वहीला कळलं नाही?"

मास्तर मध्येच फिसकन हसले. दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि साखरेचा डबा उघडेना म्हणून तिथेच अडकले.

"मग खुर्चीत कोण होतं?" कडीबाईनं विचारलं.

"कप."

"कसला कप?"

"चहाचा. कागदी. तुझ्या त्या डोळ्यावर आडवा बसवतो आम्ही. त्याला वाटतं समोर माणूस आहे, आणि मग दिवसभर कटकट करत नाही."

कडीबाई जागच्या जागी बसली. चार वर्षं, अकरा इंजिनिअर, दोनशे चाळीस चाचण्या. चाचण्यांत चोर होते, हेर होते, सोंग घेऊन आलेले पाहुणे होते. चहाचा कप नव्हता.

"आम्ही म्हणजे कोण?" तिनं विचारलं.

"सगळे. सातही वॉर्ड. जेवणघरात कप पुरेनात म्हणून गेल्या वर्षी जास्तीचे मागवले."

"तुम्ही माझी कडी तोडलीत, वन्सं!"

"तोडली नाही गं. झाकली." वन्संनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "गुरुवारी चौकशी आहे. कपाचं मी सांगितलं तर म्हणतात, ही पळवाट काढतेय. तुझ्या कंपनीचा कुणी तरी येऊन वही खरी आहे असं सही करून देणार आहे. ती सही झाली की माझं काम गेलं. आणि असल्या आरोपावर काम गेलं की नर्सचा परवानाही जातो. मला दुसरं काही येत नाही, वहिनी. मला धड स्वेटरसुद्धा विणता येत नाही."

शुक्रवारीच कडीबाईच्या वरिष्ठांनी तिला सांगून ठेवलं होतं, गुरुवारी एका हॉस्पिटलात जायचं आहे, लॉग खरा आहे एवढं लिहून द्यायचं आहे. कुणाविरुद्ध, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. आयुष्यभर प्रत्येकाला 'कोण?' विचारणारी बाई तेवढं एक विचारायचं विसरली होती.

*

सोमवारी कडीबाई वॉर्डात जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. सव्वीस खाटा, मधोमध टेबल, टेबलावर मशीन आणि त्याच्या स्क्रीनखाली तिरका खोचलेला कागदी कप. त्याच्या बुडाला कुणी तरी पेननं दोन डोळे आणि एक हसरं तोंड काढलं होतं.

"तासभर कप काढून काम करा," ती वन्संना म्हणाली. "मला बघायचंय."

"बघ. पण मध्ये बोलू नकोस. आणि चार नंबरच्या आजोबांची गोळी चुकली तर तू जबाबदार."

कप निघाला. वन्सं खुर्चीत बसल्या, पासवर्ड घातला, चार नंबरची गोळी लिहायला घेतली. तेवढ्यात अकरा नंबरनं घंटा वाजवली. त्या उठल्या, उशी सरळ केली, परत आल्या. कुलूप. हातमोजे काढले, अठरा अक्षरं घातली, गोळी पहिल्यापासून लिहायला घेतली. दोन नंबरची सलाईन संपली. गेल्या, आल्या. कुलूप. हातमोजे, अठरा अक्षरं, गोळी पहिल्यापासून. नऊ नंबरच्या बाई रडत होत्या. रडणाऱ्या बाईजवळ वीस सेकंदांत उठून येता येत नाही. कुलूप. इकडे चार नंबरचे आजोबा गोळीसाठी 'आ' करून बसले होते. ते इतका वेळ 'आ' करून बसले, की समोरच्या खाटेवरच्या दातांच्या डॉक्टरांनी पडल्या पडल्या त्यांची दाढ तपासून दिली.

कडीबाई एका कागदावर रेघा ओढत होती. तासाभरात सतरा रेघा झाल्या. अठराव्यांदा वन्सं परत आल्या तेव्हा त्यांना औषधाचा डोस आठवेना. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवत आठवला, आणि पुन्हा खात्री करायला कपाटापर्यंत जाऊन बाटली बघून आल्या. तोवर कुलूप.

कडीबाई स्टुलावरून उठली. इकडे तिकडे बघितलं. टेबलावरचा कप उचलला आणि स्वतःच्या हातानं आपल्या लाडक्या डोळ्यावर बसवला.

वन्सं जाता जाता तिच्या पाठीवर थाप मारून गेल्या.

नंतर कडीबाई नुसतीच बघत राहिली. वन्संना एका बाईचं अंग पुसायचं होतं. त्यांनी सर्रकन पडदा ओढला. मध्येच टॉवेल आणायला गेल्या, वाटेत दोघांशी बोलल्या, सावकाश परत आल्या. पडद्याआड बादली तिथेच, साबण तिथेच, बाई अर्धी ओली तशीच. कुणी आत डोकावलं नव्हतं, आणि काही फेकूनही दिलं नव्हतं. कडीबाईची नजर त्या पडद्यावरून हलेना.

"आपण वर्तमानपत्राकडून आलात का?" सहा नंबरच्या खाटेवरून आवाज आला. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तिकीट काढल्याचं समाधान व्हावं. पांढरे केस मागे वळवलेले, गळ्यात रेशमी रुमाल. हेच ते नट. सगळा वॉर्ड त्यांना नटराज म्हणायचा.

"नाही. मी कॉम्प्युटरवाली."

"अच्छा," नटराज म्हणाले आणि पडलेल्या चेहऱ्यानं उशीखालचं जुनं वर्तमानपत्र काढून वाचू लागले. हात ताठ लांब करून, मान मागे नेऊन वाचत होते. चष्मा शेजारी ठेवलेला होता, पण तो घातला की म्हणे अर्धा चेहरा झाकला जातो, आणि प्रेक्षकांवर अन्याय होतो.

*

मंगळवारी ऑफिसात कडीबाईनं त्या दिवसाची वही उघडली. यापूर्वी हॉस्पिटलवाल्यांनी फक्त नाव आणि वेळ बघितली होती. तिनं पुढचं वाचलं. तीन वाजून दहा मिनिटांनी रिपोर्ट उघडला. लगेच अक्षरं मोठी केली. आणखी मोठी केली. तिसऱ्यांदा एवढी मोठी केली, की स्क्रीनवर एका वेळी पाचच शब्द मावत असतील. मग सतरा मिनिटं वाचन. वर, खाली, पुन्हा वर. खड्यांच्या ओळीवर तीनदा मुक्काम. आणि वन्सं? वन्संनी सबंध वर्षात एकदाही अक्षरं मोठी केली नव्हती. त्यांची नजर अजून सुईच्या नेढ्यातून आरपार जायची.

कडीबाईला हसू आलं. वही खोटं बोलली नव्हती. तिला कुणी नीट विचारलंच नव्हतं.

तिनं वन्संना फोन लावला. "वॉर्डात असं कोण आहे, ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि जो चष्मा घालत नाही?"

वन्सं म्हणाल्या, "माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"पेशंट आहे तो माझा."

"वन्सं, तुमचा परवाना जातोय!"

"माहिती फोडल्याचा आळ माझ्यावर. तो पुसायला मी पेशंटलाच फोडू? मग आळ खराच झाला की." वन्संचा आवाज जरा ओला झाला, पण हलला नाही. "आणि तूही त्याचं नाव घ्यायचं नाहीस. शपथ आहे माझी."

फोन ठेवला तर दारात वरिष्ठ उभे. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणायचे. ते इतक्या घाईत असत की सकाळी त्यांची सावली त्यांच्यानंतर पाच मिनिटांनी ऑफिसात पोचायची.

"गुरुवारचं लक्षात आहे ना? एक वाक्य. लॉग बरोबर आहे. खाली सही."

"लॉग बरोबर आहे, साहेब. डोळा चुकलाय. म्हणजे मी चुकलेय."

"ते दुसरं वाक्य नको! पुढच्या महिन्यात हाच डोळा आणखी चाळीस हॉस्पिटलांत जातोय. तुम्ही तिकडे असं काही बोललात तर डोळा जाईल, आणि तुम्हाला विभागप्रमुख करायचं ठरलंय, तेही जाईल. शिवाय ती बाई तुमची कोण लागते?"

"नणंद."

"नणंद!" घाईसाहेब पहिल्यांदाच जागच्या जागी थांबले. "मग तर प्रश्नच मिटला. लोक अशी संधी शोधत असतात."

*

गुरुवारी सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलचे अधीक्षक चौकशीला बसले. दोन्ही बाजूंना चौकशी समितीचे दोन सभासद. त्यांचं काम मान हलवण्याचं. एक उभी हलवायचा, दुसरा आडवी.

"आधी सांगते," कडीबाई म्हणाली, "या माझ्या नणंद आहेत."

"मग तुम्ही त्यांच्या विरुद्ध बोलाल ही भीती आहे," अधीक्षक म्हणाले. एका सभासदानं मान उभी हलवली.

"मी इथे बोलणारच नाही. वॉर्डात चला. सही हवी असेल तर तिथे देते."

सगळी वरात वॉर्डात आली. सव्वीस खाटांवर सव्वीस माना वर झाल्या. कडीबाईनं मशीनवरचा कप काढला आणि अधीक्षकांना खुर्ची दिली.

"साहेब, एक गोळी द्यायची आहे. चार नंबरला. गोळी द्या, पाणी द्या, इथे नोंद करा. बस."

"एवढंच?" अधीक्षक हसले. त्यांनी पासवर्ड घातला. दुसऱ्या खेपेला बरोबर आला. गोळीचं नाव लिहिलं, गोळी घेऊन आजोबांकडे गेले. आजोबांनी आधी विचारलं, ही गोळी जेवणाआधीची की नंतरची? मग पाणी गार आहे म्हणाले. साहेब परत आले. कुलूप. पुन्हा पासवर्ड, पुन्हा गोळीचं नाव. तेवढ्यात अकरा नंबरनं घंटा वाजवली. अकरा नंबरला काही नको होतं, पण साहेब स्वतः हातानं गोळ्या देतायत ही गंमत त्यांनाही जवळून बघायची होती. कुलूप. तिसऱ्यांदा साहेबांनी पासवर्ड चुकवला, चौथ्यांदा चुकवला, पाचव्यांदा कारभाऱ्यानं त्यांना अनोळखी इसम ठरवून अर्धा तास बाहेर काढलं. साहेबांच्या टकलावर एवढा घाम आला, की वरच्या पंख्यानं तो वाळवता वाळवता हात टेकले.

"हे असं दर पाळीला शंभरावर वेळा," कडीबाई म्हणाली. "मी इथे तासभर बसून मोजलंय. आता दुसरं बघा."

एका सभासदाच्या नावानं मशीन उघडलं. त्यावर कप बसवला. सभासदाला खिडकीपाशी उभं केलं. मग तिनं वही उघडून दाखवली.

"हे वाचा. सभासदमहाशय खुर्चीत बसलेले आहेत."

"पण मी इथे आहे!" खिडकीजवळून आवाज आला.

"पुरावा काय?" कडीबाई म्हणाली. "वही म्हणते तुम्ही खुर्चीत. आता या खुर्चीत कुणीही येऊन काहीही वाचावं, नाव तुमचंच लागणार. वन्सं अकरा तास बसल्या नव्हत्या. कप बसला होता. आणि तो कप त्यांनी लबाडीनं नाही बसवला, माझ्या कडीनं त्यांना काम करू दिलं नाही म्हणून बसवला. हे मी लिहून देते. सही त्याखाली."

अधीक्षकांनी रुमालानं डोकं पुसलं. "कपाचं पटलं. खुर्चीचा आरोप मागे. पण रिपोर्ट कुणी तरी उघडला ना? तो कुणी?"

"वहीत नाव एकच आहे, आणि ते उघडणाऱ्याचं नाही. पुढचं मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?" साहेबांनी वन्संकडे वळून बघितलं. "सिस्टर, तुम्हालाही?"

वन्सं हातातल्या थर्मामीटरकडे बघत राहिल्या.

"सिस्टर, तुम्ही नाव सांगितलं नाहीत, तर माहिती फोडल्याचा आरोप तुमच्यावरच राहतो. मला दुसरा मार्ग नाही. परवान्याचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या.

एवढं बोलून त्यांनी थर्मामीटर झटकला, नऊ नंबरच्या बाईंच्या तोंडात ठेवला आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. सबंध वॉर्डात तेवढं घड्याळ वाजत होतं. शपथ मोडावी की काय, असं कडीबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"थांबा!"

सहा नंबरची चादर बाजूला झाली. नटराज उभे राहिले. एका हातात सलाईनचा खांब राजदंडासारखा, दुसऱ्या हातात गळ्यातला रुमाल.

"साठ वर्षं रंगभूमीवर काढली," ते म्हणाले, "पण माझी भूमिका दुसऱ्याच्या नावावर खपवलेली कधी चालू दिली नाही. रिपोर्ट मी वाचला. मशीन उघडं होतं, कप माझ्याकडे बघून हसत होता, मला निमंत्रण वाटलं. आणि वर्तमानपत्राला फोनही मीच केला."

"तुम्ही?" अधीक्षक खुर्चीत बसले, यावेळी खरोखर.

"माझं पोट, माझे खडे, माझं नाव. बातमीही माझीच." मग त्यांचा आवाज खाली आला. पहिल्या रांगेलाच ऐकू जावा एवढा. "सहा वर्षं माझ्याबद्दल एक ओळ कुठे छापून आली नाही, साहेब. पुढची ओळ येईल ती काळ्या चौकटीत येईल. ती वाचायला मी नसेन. म्हटलं, निदान खड्यांची तरी वाचून घ्यावी." ते वन्संकडे वळले. "सिस्टर, तुमच्यावर आळ आलाय हे मला आत्ता कळलं. पुतण्यानं मला काही सांगितलंच नाही. क्षमा करा."

"आधी खाली बसा," वन्सं म्हणाल्या. "सलाईनची सुई निघेल." आणि त्यांना खाटेवर बसवून त्यांच्या पायांवर चादर घातली.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः वाचायला पेशंटला कुणी मनाई करत नाही, असं साहेबांनी लिहून घेतलं. दुसराही आरोप गेला. उरला कप.

"कप माझ्या नावावर लिहा," कडीबाई म्हणाली.

आडवी मान हलवणाऱ्या सभासदानंही त्या दिवशी उभी हलवली.

*

कडीबाईनं दोन्ही वाक्यं लिहून सही केली. घाईसाहेब तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. ऑफिसात इतकं काम त्याआधी कधीच झालं नव्हतं. विभागप्रमुख दुसराच झाला. चाळीस हॉस्पिटलांची तारीख पुढे गेली, आणि कडीबाईनं डोळा काढून पडदा शिवायला घेतला.

पडद्याचं साधं होतं. नर्सच्या छातीवर नावाचा बिल्ला असतो, तोच मशीननं ओळखायचा. ती चार पावलं लांब गेली की स्क्रीनवर पडदा ओढायचा. कुलूप नाही, फेकाफेकी नाही. परत आली, बिल्ला टेकवला, की पडदा बाजूला आणि अर्धवट गोळी जिथे होती तिथेच. अठरा अक्षरं पाळीच्या सुरुवातीला एकदाच. दुसऱ्या कुणी बिल्ला टेकवला तर त्याचं स्वतःचं पान, पहिलीचं तसंच पडद्याआड. कारभाऱ्यात हे बसवायला पाच महिने गेले, आणि त्यात चोर, हेर, पाहुणे सगळे तपासून झाले.

मग एका शनिवारी सकाळी तिनं वन्संना ऑफिसात बोलावलं, मशीनसमोर बसवलं आणि म्हणाली, "फसवा याला."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

वन्संनी मशीनकडे बघितलं. खालून बघितलं, मागून बघितलं. मग अंगातला पांढरा कोट काढला, बिल्ल्यासकट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि कॉफी प्यायला निघून गेल्या. स्क्रीन उघडीच. मशीनच्या लेखी वन्सं जागच्या हलल्या नव्हत्या.

"चार मिनिटं," कडीबाई घड्याळ बघत म्हणाली. अकरा इंजिनिअर खाली माना घालून उभे होते, आणि ती इतकी आनंदानं हसत होती, की त्यांना वाटलं बाईंना आता सुटीची गरज आहे. तिनं पिशवीतून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: खुर्चीला अडकवलेला कोट. त्याखाली भरपूर जागा सोडली. वन्सं अजून कॉफी पिऊन यायच्या होत्या.

पुढच्या रविवारी दार वाजलं.

"कोण?"

"कप," बाहेरून आवाज आला.

एक कडी निघाली, दुसरी निघाली. तिसरीवर हात थांबला.

"तो गेल्या महिन्यातला शब्द झाला, वन्सं. आता बदललाय."

"मग आता काय आहे?"

"ते मी आतून सांगितलं तर कड्या कशाला लावल्यात?"

मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून मास्तरांचा दबका आवाज ऐकू आला, "ताई, इकडून ये. ही खिडकी उघडी आहे. आणि येताना साखर आणलीस का?"

कडीबाईनं तिसरी कडी काढली, आणि वही आणायला धावली.